कपिली लवकर बोलली

१२ जून, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. जितके चहा प्याले तितक्यांदा बोलणी खाल्ली, म्हणजे फिटंफाट.

डेअरी ईट गावाच्या बाहेर, भूमच्या रस्त्याला. मालक रणधीरदादा. आसपासच्या गावांत सकाळ-संध्याकाळ जे दूध जमा होतं त्याचं वजन, फॅट, कुणाचं किती, टाकी किती थंड, हे सगळं इथल्या सर्व्हरवर येतं. तो सांभाळणारे योगीराज सर, अन् आजपासून त्यांच्या हाताखाली मी. सोनारीची हर्षाली, बी.एस्सी. कॉम्प्युटर, मुक्काम ईटात धुरपतामावशीकडं.

मुलाखत अजबच झाली होती. सरांनी एक प्रश्न विचारला नाही. स्क्रीनवर एररचं पानभर गिचमिड होतं, प्रत्येक ओळीच्या आधी वेळ टाकलेली. म्हणाले, "वाच. मोठ्यानं." मी पहिलीतल्या पोरीगत वाचत बसले. मध्येच कंटाळून एक ओळ सोडून दिली, तर लगेच, "वेळ एकदम पुढं कशी गेली? ओळ खाल्लीस." मग म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे. सोमवारपासून ये." मला वाटलं रेडिओवर घेतायत की काय.

सर्व्हरची खोली एवढीशी. कपाटात एक काळी पेटी, तिच्याखालच्या फळीवर दुधाच्या नोंदींच्या डिस्कची लहान पेटी, बस्स. मी विचारलं, "बाकीचे सर्व्हर कुठं आहेत?"

"हिच्यातच. बारा मशिनी आहेत हिच्या पोटात," सर म्हणाले अन् गाभण म्हशीवरून फिरवावा तसा त्या पेटीवरून हात फिरवला.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मशिनीच्या आत तयार केलेली मशीन, हे मी कॉलेजात पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आज ते समोर होतं. प्रत्येकीची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, काम वेगळं, अन् प्रत्येकीला वाटतं की या घरात आपण एकटीच राहतो. मी पेटीला कान लावला. नुसता पंख्याचा आवाज. तरी अंगावर काटा आला.

४ जुलै, मंगळवार

योगीराज सर हा माणूस खडूस आहे. हे एकदा शांतपणे लिहून टाकते म्हणजे रोज लिहायला नको.

सकाळी बायकोच्या स्कूटीवर मागं बसून येतात. सत्यभामाकाकू त्यांना पार खोलीच्या दारापर्यंत सोडतात. मी नमस्कार करते तर बघतसुद्धा नाहीत. तोंडानं "नमस्कार सर" म्हटलं तरच मान हलवतात. गॉगल काढत नाहीत, हिरो. मी असताना की-बोर्डला हात लावत नाहीत. "हात तुझे, डोकं माझं. वाच काय आलं ते." दिवसभर मी वाचायचं, यांनी मान कलती करून ऐकायचं, मग सांगायचं हे टाईप कर, ते टाईप कर. चहासुद्धा "उजव्या हाताला ठेव". आज मी झाडून घेताना खुर्ची जरा सरकवली होती, सर तिला अडखळले अन् माझ्यावर असे ओरडले की बाहेर कॅन धुणारे थांबून बघायला लागले.

अन् काम काय, तर मशिनी निजवून परत उठवायच्या, बाराच्या बारांना हेच. आधी गौरी, ती सगळ्यांना पत्ते अन् वेळ सांगते. मग कपिली, दुधाची सगळी नोंद तिच्यापाशी. मग मोरी, चंद्री अन् बाकीच्या. नावं सरांनीच ठेवलीत. कुणी मागंपुढं झाली की सगळा घोळ. एकीचं झालं की तेच दुसरीला. माझी बोटं मोडून आली.

शेवटी मी म्हणाले, "सर, याची स्क्रिप्ट लिहू? एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवलं की मशीनच वाचून करील."

मला वाटलं आता खाणार. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "लिही. पण एक अट आहे. मशीन उठली की आवाज झाला पाहिजे. पेटीत बारका स्पीकर आहे. प्रत्येकीचा सूर वेगळा ठेव."

स्क्रीनवर हिरवं दिसतंय की, मग आवाज कशाला? विचारलं तर म्हणे, "माझी हौस." म्हाताऱ्या माणसांचं एकेक.

१९ जुलै, बुधवार

आज झालं!

पंधरवडा त्या स्क्रिप्टनं मला छळलं. कधी मोरी उठायची अन् कपिली उठलेलीच नसायची, मग मोरी बिचारी रिकाम्या दारात हाक मारत बसायची. सर म्हणाले, "थांबायला शिकव. आधीची बोलल्याशिवाय पुढचीनं उठायचं नाही." तेवढी एक गोष्ट घातली अन् सुटलं.

दुपारी फक्त एक शब्द टाईप केला, एंटर मारलं अन् हात मांडीवर ठेवून बसले. टूं. गौरी. मग कितीतरी वेळ काही नाही. माझा जीव खालीवर. मग खालच्या सुरात कपिली. ती जड आहे, आधी आपली सगळी डिस्क तपासून बघते अन् मगच बोलते. मग मोरी, चंद्री, एकामागं एक. मी कशालाही हात लावला नव्हता. आपण लिहिलेली अक्षरं आपल्या माघारी चालतात, दारं उघडतात, एकमेकींना उठवतात. देवाशप्पथ, मला रडायला आलं.

सर मान कलती करून बसले होते. बोटावर बारा मोजले. म्हणाले, "चंद्रीचा सूर मोरीसारखा वाटतोय. बदल." एवढंच. शाबास म्हणायला यांना कर लागतो.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आजचं कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पाथरूडकडं नवीन केंद्र उघडतंय, त्याच्यासाठी मशीन पाहिजे होती. सरांनी सांगितलं, मी लिहिलं: एवढी मेमरी दे, एवढी डिस्क दे, हे नाव, हा पत्ता. एंटर. चहा पिऊन आले तर तेरावी मशीन बसलेली! ना ट्रक आला, ना खोकं फोडलं. नव्हती अन् झाली. मग सर म्हणाले, "आता मोड. परत कर." मोडली. परत केली. डिट्टो तीच. मी खुळ्यासारखी करत अन् मोडत बसले. हे करणाऱ्या माणसाला किती मोठं वाटायला पाहिजे, पण मला उलट आपण लई बारके आहोत असं वाटलं. बाहेर येऊन उगाच आभाळ बघितलं.

मावशीला सांगितलं. ती म्हशीची धार काढत होती. म्हणाली, "म्हंजी लोखंड न्हाय, वायर न्हाय, तरी मशीन हाय?"

"व्हय."

"मग हाय कुठं ती?"

"लिहिलेल्यात."

मावशीनं धार थांबवून माझ्याकडं बघितलं. "अगं माय माझे," एवढंच म्हणाली. तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

नावावरून मात्र सरांशी वाजलं. इंटरनेटवर सगळे मोठमोठे लोक सांगतात की मशिनींना लाडाची नावं देऊ नका, कळप समजा, नंबर द्या. मी तेरावीला नंबर दिला. सर म्हणाले, "शेरडं राखणारा बघितलास का कधी? कळप पाळणाराच एकेकीला नावानं ओळखतो. अन् न बघता सांगतो कोण ओरडलं." तेरावीचं नाव आता भुरी.

२६ सप्टेंबर, मंगळवार

रणधीरदादांनी बोलावलं होतं. म्हणाले, "हर्षाली, खंडेनवमीला बघू. पूजेनंतर सगळ्या मशिनी तुझ्या त्या स्क्रिप्टनं नीट उठल्या, तर सर्व्हरच्या खोलीची किल्ली तुझ्याकडं. कायम करतो. सरांनाही आता मोकळं करावं म्हणतो."

मी बाहेर आले ती हवेतच. सरांना सांगावं का? नाही सांगितलं. ते किल्ली सोडायचे नाहीत. गळ्यात दोरीनं बांधून हिंडतात, मंगळसूत्र असल्यासारखी. मला तर वाटतं खंडेनवमीला माझी फजिती व्हावी असंच त्यांना वाटत असणार. काल मी रजेचा व्हॉट्सअॅप केला तर उत्तर नाही, अन् आज विचारतात, "काल कुठं होतीस?" मेसेज बघितला नाही म्हणे. माणसानं इतकं आडमुठं असू नये.

एकच खटकतं. मोकळं करावं असं म्हणताना दादांचा आवाज बदलला होता. राग नव्हता त्यात. मरू दे, मला काय करायचंय.

९ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी जवळ आली. घरोघर विळे, कुऱ्हाडी, पाट्या-वरवंटे घासून पूजेला मांडतात, तशा डेअरीत सगळ्या मशिनी बंद करून, पुसून, झेंडू वाहून पूजायच्या. पूजा मांडली की ते अवजार त्या दिवशी वापरायचं नाही, हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून उचलायचं. पण गाई-म्हशींना कोण सांगणार? म्हणून डेअरीची वहिवाट वेगळी: सकाळचं दूध झालं की सगळं बंद, दुपारी नुसता हार घालून पूजा, अन् देवाची माफी मागून संध्याकाळच्या दुधाआधी सगळं चालू.

त्यात सर्व्हरही आला. दरवर्षी सर एकेक मशीन हातानं उठवायचे, दुपारभर. यंदा एंटर मी मारणार. उठल्या नाहीत तर केंद्रांवर दूध घेता येत नाही, अन् दूध नासायला किती वेळ लागतो ते ईटातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मावशीचंही त्यात येतं.

सर मला रोज स्क्रिप्ट पहिल्यापासून वाचायला लावतात. सगळी. पाठ झालीय त्यांना. आज मी मुद्दाम दोन ओळी उलट्या वाचल्या. "उलट वाचलंस," म्हणाले, अन् पहिल्यांदा हसले.

२३ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी मावशीची मोरपंखी साडी नेसून गेले. वॉचमनपासून दादांपर्यंत सगळे म्हणाले, आज ओळखलंच नाही. सर? दगड.

सकाळचं दूध झालं. मी सगळ्या मशिनी नीट निजवल्या, मग वायरमन शिवलिंगप्पांनी मेन बटण पाडलं. पंखा थांबला. इतक्या महिन्यांत ती खोली मी पहिल्यांदा गप्प ऐकली. भीतीच वाटली. तेरा जणी एकदम गेल्या अन् त्या आता फक्त माझ्या लिहिण्यात होत्या.

पूजा झाली. काळ्या पेटीला हार घातला अन् यंदा पाट न घेता खालच्या डिस्कच्या पेटीवर, ती सपाट म्हणून, तांदूळ, सुपारी, नारळ, सगळी पूजा मांडली. आरती, पेढे. मग दादा म्हणाले, "हं, आता सोडा." शिवलिंगप्पांनी लाईन दिली. दारात सगळे गोळा झाले होते. मी अंबाबाईचं नाव घेतलं अन् एंटर मारलं.

टूं. गौरी. मी श्वास धरला. लगेच कपिली. मोरी. चंद्री. पार भुरीपर्यंत, कसं झरझर झालं. स्क्रीन सगळी हिरवीगार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, "वा गं वाघिणी!" अन् सरांकडं वळून, "सर, द्या आता किल्ली पोरीला."

सर हलले नाहीत. म्हणाले, "काहीतरी चुकलंय."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर! म्हणाले, "सर, सगळं हिरवं आहे. बघा की जरा!"

"हिरव्याचं मला सांगू नको. कपिली लवकर बोलली."

"मग चांगलंच आहे की!"

"ती कधी लवकर बोलत नाही. तिला तपासायला वेळ लागतो. आज तिला तपासायला काही सापडलंच नाही. आत बघ."

रागारागात आत शिरले. नोंदींची यादी उघडली. कपिली रिकामी. दुधाची एक नोंद नाही, एक नाव नाही, मावशीचंसुद्धा नाही. उठली होती, हाकेला ओ देत होती, पण तिची डिस्कच तिच्याजवळ नव्हती. माझी स्क्रिप्ट फक्त ओ आली की नाही तेवढंच बघत होती. संध्याकाळचं दूध तसंच घेतलं असतं तर सगळं त्या रिकाम्या जागेत गेलं असतं, अन् एकूण एक केंद्राचा घोळ झाला असता.

खाली वाकले. डिस्कच्या पेटीचा दिवा लागलेलाच नव्हता. वरच्या झेंडूत मला ते दिसलंही नव्हतं.

"शिवलिंगप्पा! ही पेटी चालू केली नाही?"

"कशी करू अक्का?" ते गोंधळून म्हणाले. "तिच्यावर पूजा मांडलीय की. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हात कसा लावू? वरची केली की चालू, तिला नुसता हार हाय."

त्यांचं चूक तरी कसं म्हणू? मीही तिथलीच. माझाही हात पुढं होईना. बाहेर पहिला टेम्पो आला होता, कॅनचा आवाज येत होता. दारातले सगळे एकमेकांची तोंडं बघत होते.

सर म्हणाले, "अक्षता द्या मला. उत्तरपूजा आत्ताच करू. आईला कळतं, दूध थांबत नाही ते."

मी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. ते पेटीपाशी गुडघ्यावर बसले. अन् त्यांचा हात नारळाच्या दिशेनं गेला, पण नारळ तिथं नव्हता, वीतभर अलीकडं होता. बोटं हवेत चाचपडत राहिली. मनगटाचा धक्का लागून नारळ खाली गडगडला तरी त्यांची मान तिकडं वळली नाही, आवाज झाला तेव्हा वळली. अक्षता फरशीवर पडल्या.

मी बघत राहिले. गॉगल, स्कूटी, वाच मोठ्यानं, चहा उजव्या हाताला, ती खुर्ची. साडी. सगळं एकदम येऊन छातीवर बसलं. चार महिने मी या माणसाला खडूस म्हणत होते.

मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात धरून नारळावर ठेवला अन् हळूच म्हणाले, "इथं आहे, सर."

त्यांना कळलं की मला कळलं. त्यांनी नारळ उचलून कपाळाला लावला, पुटपुटत आईची माफी मागितली अन् म्हणाले, "उचला सगळं. पेटी चालू करा. हर्षाली, सगळ्यांना परत निजव. पहिल्यापासून."

एंटर मारताना माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीन धूसर होती, म्हणून मीही डोळे मिटले. टूं. गौरी. मग काही नाही. काहीच नाही. बाहेर दुसरा टेम्पो आला. दादा म्हणाले, "काय झालं?" सरांनी हात वर केला, थांबा म्हणून. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. त्या शांततेत कपिली एकेकाचं नाव चाचपून बघत होती, गावच्या गावं, म्हशीच्या म्हशी, अन् हे ज्याला ऐकू येत होतं तो माणूस माझ्या शेजारी मान कलती करून बसला होता. मग खालच्या सुरात ती बोलली. आपल्या वेळेला.

"आता बरोबर," सर म्हणाले.

संध्याकाळचं दूध वेळेवर सुरू झालं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

सोनं घेऊन भूमला सरांच्या घरी गेले. पाया पडले, आपट्याची पानं हातात दिली. त्यांनी बोटानं पानाची दुमड चाचपली अन् खिशात ठेवली. सत्यभामाकाकू दारात उभ्या होत्या, पदर डोळ्याला लावून. म्हणाल्या, "बाई, मी कितीदा म्हटलं सांगून टाका."

"शुगरनं डोळे गेले," सर म्हणाले. "यंदाच्या उन्हाळ्यात पार अंधार झाला. घरी बसून ऐकू काय? सिलिंगचा पंखा? म्हणून तुला घेतलं. वाचणारं माणूस पाहिजे होतं. तू तर सगळं लिहूनच काढलंस. आता काही माझ्यावर अडत नाही."

तेवढ्यात रणधीरदादा आले, सोनं द्यायला. सरांनी त्यांना बसवलं अन् एका दमात सांगून टाकलं. दादा पानांशी चाळा करत राहिले. म्हणाले, "मला पोळ्यालाच कळलं होतं. तुम्ही बैल सोडून खांबाला कुंकू लावलंत. म्हणूनच म्हणत होतो, आता मोकळं करावं, जिवाला किती त्रास द्यायचा. पण तुम्हाला तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही." मग माझ्याकडं बघितलं. "बोल हर्षाली. खोली तुझी आहे आता. सर लागतात का?"

सर खाली मान घालून बसले होते. गळ्यातली दोरी काढून त्यांनी किल्ली मुठीत धरली होती, द्यायच्या तयारीनं.

मी म्हणाले, "लागतात. माझी स्क्रिप्ट हिरवं दाखवते. ती खरं बोलते का खोटं, ते सरांना ऐकू येतं. किल्ल्या दोन करा, दादा."

दादा "बरं" म्हणाले अन् चहा मागितला. सरांनी किल्ली परत गळ्यात घातली. दोरी कॉलरीत अडकली, ती काकूंनी सोडवली.

निघताना सर अंगणापर्यंत आले. म्हणाले, "एक विचारू? मी तुला बघितलेलंच नाही. दिसतेस कशी?"

मी म्हणाले, "सावळी आहे. नाक लांब. केस कधी नीट बसत नाहीत. अन् तोंडाची लई फटकळ."

"ते ठाऊक आहे," सर म्हणाले. "अन् काल साडी नेसली होतीस. चालताना सळसळत होती. रंग कोणता होता?"

"मोरपंखी."

त्यांनी गॉगल काढला, आभाळाकडं तोंड केलं अन् बराच वेळ तसेच उभे राहिले. मी पण थांबले.